कार्बन क्रेडिट आणि युरोपचा कार्बन-कर: इंदूरच्या उद्योजकाने काय समजून घ्यावे

इंदूर, पीथमपूर आणि देवास या पट्ट्यातील लहान-मध्यम कारखानदारांपुढे सध्या दोन वेगळ्या प्रकारचे कागद येत आहेत. पहिला युरोपातील ग्राहकाकडून येतो आणि त्यात विचारलेले असते की, तुम्ही पाठवता त्या एक टन मालामागे हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो ते कळवा. दुसरा एखाद्या सल्लागाराकडून येतो आणि त्यात आश्वासन असते की, छतावर सौरपॅनल बसवले असतील तर आम्ही तुम्हाला कार्बन क्रेडिट मिळवून देऊ आणि त्याची घरबसल्या कमाई होईल. दोन्ही कागदांवर ‘कार्बन’ हा शब्द असल्यामुळे अनेकांचा असा समज झाला आहे की दुसरा कागद हा पहिल्या कागदावरचा उतारा आहे, म्हणजे क्रेडिट घेतले की युरोपचा प्रश्न मिटतो. हा समज चुकीचा आहे आणि तो महागात पडू शकतो. ‘कार्बनचा बाजार’ या एकाच नावाखाली प्रत्यक्षात तीन-चार निरनिराळ्या व्यवस्था चालतात. त्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांतील भाव वेगळे आहेत आणि एका व्यवस्थेतील कागद दुसरीत चालेलच असे नाही.

क्रेडिट म्हणजे नेमके काय

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच उष्णता अडवणारा दुसरा एखादा वायू, हवेत जाण्यापासून रोखल्याचे किंवा हवेतून काढून घेतल्याचे तपासलेले प्रमाणपत्र. ‘तेवढीच उष्णता’ हा भाग महत्त्वाचा आहे, कारण सगळे वायू सारखे नसतात. ओला कचरा कुजताना निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक आहे. म्हणून एक टन मिथेन रोखला तर एक नव्हे, अठ्ठावीसच्या आसपास क्रेडिट मिळू शकतात. कचऱ्याच्या प्रकल्पांकडे या बाजाराचे लक्ष का असते, ते यावरून समजेल.

हा व्यवहार समजून घ्यायला जुन्या सराफ्यातील हुंडी आठवावी. हुंडीचा कागद स्वतः कवडीमोलाचा असे. त्याची किंमत ठरे ती त्यावर सही करणाऱ्या पेढीची पत पाहून, आणि एकदा वटलेली हुंडी पुन्हा कोणाच्या हाती चालत नसे. कार्बन क्रेडिटचेही तसेच आहे. तो विकला जाऊ शकतो, एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकतो, पण ज्या दिवशी एखादी कंपनी ‘माझ्या उत्सर्जनाच्या बदल्यात मी हा वापरला’ असे जाहीर करते, त्या दिवशी नोंदवहीत तो कायमचा रद्द व्हावा लागतो. सही करणारी पेढी म्हणजे प्रकल्प तपासून नोंद ठेवणारी संस्था. वेरा आणि गोल्ड स्टँडर्ड ही त्यांतील मोठी नावे आहेत. या बाजारातील बहुतेक वाद, पुढे दिसेल त्याप्रमाणे, याच दोन मुद्द्यांभोवती फिरतात: सही विश्वासाची आहे का, आणि एकच हुंडी दोनदा तर वटवली जात नाही ना.

हा व्यापार सुरू कसा झाला

१९९७ मध्ये जपानमधील क्योतो येथे झालेल्या करारात श्रीमंत देशांनी उत्सर्जन घटवण्याची बंधने स्वीकारली आणि ती पूर्ण करण्यासाठी त्यांना एक सवलत मिळाली. घट स्वतःच्या देशात करणे महाग पडत असेल, तर भारत किंवा चीनसारख्या देशात ती घडवून आणणाऱ्या प्रकल्पाला पैसे द्यावेत आणि ती घट आपल्या खात्यात धरावी. वायूने जगाच्या कोणत्या कोपऱ्यातून वर जावे याला वातावरणाच्या दृष्टीने काही महत्त्व नाही, म्हणून जेथे स्वस्त पडेल तेथे घट करावी, हा त्यामागचा विचार होता आणि तत्त्वतः त्यात चूक नव्हती. २००५ मध्ये करार अमलात आला आणि भारत हा चीनच्या खालोखाल सर्वाधिक प्रकल्प नोंदवणारा देश ठरला.

पण या व्यवस्थेत एक प्रकरण असे घडले की ते प्रत्येक उद्योजकाने माहीत करून घ्यावे. शीतकरणात वापरला जाणारा एक वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपपदार्थ तयार होतो. त्याचा एक टन त्या काळच्या मोजणीप्रमाणे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइडइतका धरला जाई. तो जाळून नष्ट करण्याचा खर्च अगदी किरकोळ होता आणि त्यातून मिळणाऱ्या क्रेडिटची किंमत प्रचंड होती. परिणामी उपपदार्थ हाच मुख्य कमाईचा माल झाला आणि तो नष्ट करून क्रेडिट मिळावेत म्हणून मूळ वायूचे उत्पादनच गरजेपेक्षा जास्त केले जाते, असे आरोप काही कारखान्यांवर झाले. अखेर युरोपीय संघाने मे २०१३ पासून आपल्या बाजारात हे क्रेडिट स्वीकारणे बंद केले. त्याच सुमारास भावही कोसळले होते. २००८ मध्ये २० युरोंच्या वर विकला जाणारा क्रेडिट २०१२ संपता संपता एका युरोच्याही खाली आला होता. याच कमाईच्या भरवशावर कर्ज काढून उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचे काय झाले असेल, ते सांगायला नको. क्रेडिटच्या उत्पन्नावर प्रकल्पाचे गणित बसवू नये, हा माझा आग्रह या इतिहासातून आलेला आहे.

पॅरिस करारानंतर काय बदलले

२०१५ च्या पॅरिस करारात भारतासह जवळजवळ प्रत्येक देशाने स्वतःचे उद्दिष्ट जाहीर केले. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागचे उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवू, हे आपल्या देशाचे वचन आहे. क्योतोच्या काळात भारतावर बंधन नव्हते, त्यामुळे येथील घट बाहेर विकली तरी आपल्या हिशेबात खड्डा पडत नसे. आता पडतो. इंदूरमधील एखाद्या प्रकल्पाने रोखलेला एक टन स्वित्झर्लंडने विकत घेऊन आपल्या खात्यात धरला, तर भारताला तो आपल्या खात्यातून वजा करावा लागतो, नाहीतर एकच हुंडी दोन देशांनी वटवल्यासारखे होईल. कराराच्या सहाव्या कलमाखाली याचे नियम २०२१ मध्ये ग्लासगो येथे ठरले आणि उरलेले नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथील परिषदेत पूर्ण झाले.

व्यवसायाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट अशी की, दुसऱ्या देशाच्या उद्दिष्टासाठी क्रेडिट विकायचा असेल तर खरेदीदार आणि विक्रेता यांचे एकमत पुरेसे नाही, भारत सरकारची अनुमती लागते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये अशा व्यवहारासाठी १३ प्रकारची कामे जाहीर केली. त्यांत हरित हायड्रोजन, समुद्रातील पवनऊर्जा, साठवणुकीसह अक्षय ऊर्जा, संपीडित जैववायू अशी तुलनेने महाग आणि नवी तंत्रे आहेत. साध्या छतावरील सौरपॅनलचे नाव त्या यादीत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण स्वस्तात होणारी घट आपण विकून बसलो तर स्वतःच्या वचनासाठी आपल्या वाट्याला महागडी कामे उरतील. जपानशी अशा देवाणघेवाणीची व्यवस्था ऑगस्ट २०२५ मध्ये ठरली आहे.

मग आपल्या महापालिकेने क्रेडिट विकले ते कोणते

देशांच्या उद्दिष्टांशी संबंध नसलेला एक स्वेच्छेचा बाजारही आहे. त्यात कंपन्या कायद्याची सक्ती नसताना, आपली प्रतिमा किंवा आपण जाहीर केलेले वचन राखण्यासाठी क्रेडिट घेतात. इंदूर स्मार्ट सिटीने ओल्या कचऱ्यापासून वायू, कंपोस्ट खत आणि सौरऊर्जा अशा प्रकल्पांतून मिळालेले क्रेडिट याच बाजारात विकले आणि सुरुवातीच्या विक्रीतून ५० लाख रुपयांच्या आसपास रक्कम मिळवली. देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा जैववायू प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. घराघरात ओला-सुका कचरा वेगळा केल्याशिवाय असा प्रकल्प चालूच शकत नाही, म्हणून या यशात शहरातील प्रत्येक घराचा वाटा आहे आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

येथे दोन गैरसमज बाजूला करायला हवेत. महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूद येथील सौरप्रकल्पासाठी २४४ कोटी रुपयांचे जे हरित रोखे काढले, त्यांचा कार्बन क्रेडिटशी गोंधळ केला जातो. रोखे हे कर्ज आहे, ते व्याजासह परत करायचे असते. दुसरा गैरसमज शेअरबाजारातून आला. क्रेडिटच्या व्यवसायातील एका इंदुरी कंपनीचा शेअर एप्रिल २०२१ मध्ये १०२ रुपयांना बाजारात आला आणि जानेवारी २०२२ पर्यंत दहा हजारांच्या वर गेला. तेव्हापासून क्रेडिट म्हणजे सोन्याची खाण अशी समजूत शहरात रुजली. त्यानंतर तो भाव बराच उतरला. शेअरचा भाव आणि एका क्रेडिटचा भाव या वेगळ्या गोष्टी आहेत.

छतावरच्या सौरपॅनलचे गणित मांडून पाहू

समजा, सांवेर रोडवरील एका कारखान्याने छतावर १०० किलोवॉटचे पॅनल बसवले आहेत. आपल्या भागातील उन्हावर त्यांतून वर्षाला साधारण १ लाख ४० हजार युनिट वीज मिळेल. भारतातील ग्रिडच्या, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याच्या, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला सुमारे ९८ टन वाचले, अर्थात जास्तीत जास्त ९८ क्रेडिट. अक्षय ऊर्जेच्या क्रेडिटला स्वेच्छेच्या बाजारात फार भाव नसतो. दोन डॉलर धरला तरी वर्षाचे उत्पन्न सोळा-सतरा हजार रुपये होईल. प्रकल्पाची नोंद, स्वतंत्र तपासणी आणि दरवेळची पडताळणी यांचा खर्च लाखांत जातो. अनेक छोटे प्रकल्प एकत्र बांधून हा खर्च वाटून घेता येतो, पण मग मध्यस्थाचा वाटा आला. आता तेच १ लाख ४० हजार युनिट सात रुपये दराने मोजले तर वीजबिलात ९ लाख ८० हजार रुपये वाचतात. पॅनल बसवावेत ते या दहा लाखांसाठी. सतरा हजारांच्या आशेने वीस वर्षांच्या करारावर सही करण्याआधी तो करार वकिलाला दाखवावा आणि पॅनलच्या उत्सर्जन-घटीवरील हक्क आपण कोणाला लिहून देत आहोत ते नीट वाचावे.

भाव इतका कमी का, याचे उत्तर ‘अतिरिक्तता’ या कसोटीत आहे. क्रेडिटच्या पैशाशिवाय जे काम झालेच नसते, त्यालाच क्रेडिट मिळावा, असा तिचा अर्थ. सौरऊर्जा आता स्वबळावर फायद्याची आहे, मग तिला क्रेडिट देऊन अतिरिक्त असे काय घडले, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच वेराने २०२० पासून अल्पविकसित देश वगळता इतरत्र ग्रिडला वीज देणाऱ्या नव्या प्रकल्पांची नोंद घेणे थांबवले. क्रेडिटची गुणवत्ता ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही ऑगस्ट २०२४ मध्ये अक्षय ऊर्जेच्या प्रचलित पद्धतींना आपली मोहर नाकारली. कचरा-भरावातील मिथेन पकडण्याच्या पद्धतींना मात्र तिने मान्यता दिली आहे.

युरोपचा कागद वेगळा का आहे

युरोपातील पोलाद, सिमेंट यांसारख्या कारखान्यांना २००५ पासून आपल्या प्रत्येक टन उत्सर्जनासाठी परवाना धरावा लागतो आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा भाव १०० युरोंपर्यंत गेला होता. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या मालावर असा भार नसेल तर तेथील कारखाने बाहेर जातील, म्हणून युरोपीय संघाने सीमेवर कार्बनचा आकार, म्हणजे शुल्क, लावला. त्याचे संक्षिप्त नाव सीबॅम. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांना तो लागू आहे. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून आलेल्या मालावर पैसेही द्यावे लागतील. पैसे आयातदार भरतो, पण तो ते आपल्या भावातून कापून घेईल हे उघड आहे. भार एकदम पडणार नाही: २०२६ मध्ये तो पूर्ण शुल्काच्या अडीच टक्क्यांपासून सुरू होतो, २०३० मध्ये साडेअठ्ठेचाळीस टक्क्यांवर जातो आणि २०३४ मध्ये पूर्ण होतो. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंतच असा माल मागवणारा आयातदार यातून सुटतो. ही मर्यादा आयातदाराची आहे, आपण त्याला वीसच टन पाठवतो म्हणून आपण सुटलो असे धरू नये.

या हिशेबात स्वेच्छेच्या बाजारातील क्रेडिट चालत नाही. उत्पादनाच्या देशात कायद्याने प्रत्यक्ष भरलेली कार्बनची किंमत तेवढी वजा होते. याहून महत्त्वाची आणि फार थोड्यांच्या लक्षात आलेली बाब म्हणजे, पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या बाबतीत सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजले जाते, विकत घेतलेल्या विजेमागचे मोजले जात नाही. नट-बोल्ट बनवणाऱ्या कारखान्याने छतभर पॅनल बसवले तरी सीबॅमसाठीचा त्याच्या बोल्टचा आकडा त्यामुळे हलणार नाही. तो आकडा जवळजवळ सगळा त्याने विकत आणलेल्या पोलादाच्या तारेत दडलेला असतो. कोळशाच्या भट्टीतून निघालेले पोलाद असेल तर आकडा मोठा, भंगार वितळवून विजेच्या भट्टीत बनवलेले असेल तर बराच लहान. भारतीय पोलादाची सरासरी टनामागे अडीच टनांच्या आसपास आहे आणि जगाची दोनच्या थोडी खाली. आपल्याकडे खरा आकडा नसेल तर आयातदाराला युरोपने ठरवून दिलेला सर्वसाधारण आकडा वापरावा लागतो आणि तो जाणूनबुजून चढा ठेवलेला असतो. म्हणजे स्वच्छ पोलाद वापरणारा, पण कागद न ठेवणारा कारखानदार घाण पोलादाचे पैसे भरतो.

हा अन्याय नाही का

आहे, आणि तो स्पष्ट बोलून दाखवला पाहिजे. भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, हवेत साचलेला बहुतेक कार्बन ज्यांनी दीडशे वर्षांत सोडला ते देश आता सीमेवर वसुलीला उभे आहेत, आणि भारत सरकारने या एकतर्फी उपायावर वेळोवेळी आक्षेप घेतला आहे. तो लढा सरकारने लढावा, त्याला उद्योगांनी पाठबळ द्यावे. पण तो निकाली निघेपर्यंत आपल्या ग्राहकाच्या पत्राला उत्तर द्यावेच लागेल, कारण उत्तर न देणाऱ्याची ऑर्डर व्हिएतनाम किंवा तुर्कस्तानकडे जाईल.

दुसरा नेहमीचा आक्षेप असा की, पैसे देऊन प्रदूषणाची मुभा विकत घेण्याचा हा प्रकार आहे. सक्तीच्या बाजारात एकूण उत्सर्जनाची मर्यादा वर्षागणिक खाली येत असेल तर हा आक्षेप फारसा टिकत नाही. स्वेच्छेच्या बाजारात मात्र तो बऱ्याच अंशी खरा ठरला आहे. कमकुवत क्रेडिट घेऊन ‘आमचा माल कार्बनमुक्त’ असे छापणाऱ्या कंपन्यांमुळे युरोपने कायदाच केला असून, क्रेडिटच्या आधारे मालाला असे विशेषण लावणे तेथे २७ सप्टेंबर २०२६ पासून बंद होत आहे. निर्यात करणाऱ्यांनी आपली वेष्टने आताच तपासून घ्यावीत.

भारताचा स्वतःचा बाजार

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि जून २०२३ मध्ये भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिचा कारभार ऊर्जा दक्षता ब्युरोकडे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन) आणि कागद या क्षेत्रांतील मोठ्या कारखान्यांना पहिली उद्दिष्टे मिळाली. उद्दिष्ट एकूण उत्सर्जनाचे नसून एक टन उत्पादनामागच्या उत्सर्जनाचे आहे, त्यामुळे कारखाना वाढवायला मनाई नाही. उद्दिष्टापेक्षा चांगले काम करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळतात, मागे पडणाऱ्याने ती विकत घ्यायची, आणि तीही घेतली नाहीत तर सरासरी बाजारभावाच्या दुप्पट भरपाई द्यायची.

इंदूरच्या बहुसंख्य लहान कारखान्यांवर या योजनेचे थेट बंधन नाही. तरी झळ पोहोचणार आहे, कारण आपण ज्यांच्याकडून कच्चा माल घेतो किंवा ज्यांना सुटे भाग पुरवतो, ते मोठे कारखाने आता टनाटनाचा हिशेब ठेवू लागले आहेत आणि तोच हिशेब ते पुरवठादाराकडे मागणार.

कारखान्यात प्रत्यक्ष काय करावे

पहिले काम महागडे नाही. गेल्या बारा महिन्यांची वीजबिले, डिझेल, फर्नेस ऑइल, गॅस आणि कोळसा यांच्या पावत्या, आणि त्याच महिन्यांत तयार झालेला माल टनांत, एवढे एका वहीत आणावे. इंधनाचे आकडे थेट उत्सर्जन देतील, विजेचे आकडे वेगळ्या रकान्यात ठेवावेत, कारण वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक बाजार ते धरतोच असे नाही. क्रेडिट विकू पाहणाऱ्या सल्लागाराला, नोंद कोणत्या संस्थेकडे होणार, तपासणीचा खर्च कोण भरणार, गेल्या वर्षी याच प्रकारचा क्रेडिट कोणत्या भावाने विकला गेला आणि विक्री झालीच नाही तर आपल्यावर काही देणे उरते का, एवढे लेखी विचारावे. उत्पन्न झालेच तर आयकर कायद्यात कार्बन क्रेडिटसाठी १० टक्क्यांचा वेगळा दर आहे आणि त्या उत्पन्नातून खर्च वजा करता येत नाही, हेही हिशेबात धरावे.

युरोपात २०२६ मध्ये गेलेल्या मालासाठीची प्रमाणपत्रे आयातदाराला फेब्रुवारी २०२७ पासून घ्यावी लागतील आणि त्याचे पहिले वार्षिक विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचे आहे. म्हणजे त्याला जो आकडा हवा आहे तो आज आपल्या गोदामात उतरत असलेल्या पोलादाचा आहे. प्रत्येक लॉटबरोबर पोलाद बनवणारी गिरणी रासायनिक घटक आणि ताकद सांगणारे टेस्ट सर्टिफिकेट देतेच. पुढच्या ऑर्डरच्या कागदावर एक ओळ वाढवून त्यासोबत टनामागचे उत्सर्जन आणि भट्टीचा प्रकारही लेखी मागावा, आणि जी गिरणी तो देईल तिच्या मालाचे लॉट वेगळे ठेवून ते कोणत्या निर्यातीत गेले याची नोंद सुरू करावी.